बुधवारचे कुलूप : एका तालुका समुपदेशन केंद्राच्या अनुदानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम विदर्भातील कापसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याचे आहे. तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, भाड्याच्या एका खोलीत कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठीचे समुपदेशन केंद्र बारा वर्षे चालू होते. ते चालविणाऱ्या स्थानिक संस्थेच्या कार्यकारिणीची मी सचिव होते, त्यामुळे पुढे ज्या निर्णयांची चिकित्सा केली आहे त्यांतले काही माझे स्वतःचे आहेत. गावे, व्यक्ती आणि ओळख पटवू शकतील असे तपशील बदलले आहेत.

केंद्राचा खर्च फार नव्हता. पूर्णवेळ समुपदेशक ताईंचे मानधन महिना 12,000 रुपये, आठवड्यातून एकदा येणाऱ्या वकील बाईंचे 4,000, खोलीचे भाडे 2,500 आणि प्रवास, फोन, झेरॉक्स व कागद मिळून 2,000, असे महिन्याला 20,500 आणि वर्षाला 2,46,000 रुपये लागत. हा पैसा शासनाच्या एका योजनेतून, वर्षाला दोन हप्त्यांत येई. पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, आणि सनदी लेखापालांनी तपासलेले हिशेब गेले की दुसरा हप्ता मिळे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहेत, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, निवारागृहे आहेत आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावयाच्या कलम 12 खालील अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत नेमावी व अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यात म्हटले आहे. परंतु त्या अर्जापर्यंत पोहोचण्याआधी बाईला कुणाजवळ तरी बसून, आपल्या बोलीत, पहिल्यांदा सगळे सांगावे लागते. कौटुंबिक घटना अहवालाचा, म्हणजे घडलेल्या हिंसाचाराच्या लेखी नोंदीचा, नमुना भरायला आमच्या ताईंना क्वचितच एक बैठक पुरे, कारण मारहाणीची तारीख विचारली की बाई पेरणीच्या आधी की नंतर ते सांगते, आणि त्यावरून महिना काढावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठी शासनाचे सखी वन स्टॉप सेंटर आहे आणि तेथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. मात्र आमच्या तालुक्याच्या कडेच्या गावांतून तेथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि परतीची शेवटची गाडी साडेचारला निघते.

अडचण

सप्टेंबर 2021 मध्ये एक हप्ता आला आणि त्यानंतर आला नाही. आमच्या प्रस्तावावर आधी त्रुटी निघाल्या, त्यांची पूर्तता झाली, मग तरतूद उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले. 2022 मध्ये केंद्र शासनाच्या महिलाविषयक योजनांची मिशन शक्तीखाली फेरमांडणी झाली. स्वाधार गृह व उज्ज्वला या निवारा-पुनर्वसनाच्या योजना शक्ती सदनात विलीन झाल्या, सखी केंद्रे आणि 181 हेल्पलाइन ‘संबल’ या उपयोजनेत गेली. आमची योजना यांपैकी कशातच बसत नव्हती, तरीही त्या काळात कोणत्याही टेबलावर विचारले असता ‘नवीन मार्गदर्शक सूचना येऊ द्या’ हेच उत्तर मिळे. कोणीही नकार दिला नव्हता, आणि म्हणूनच आम्ही वाट पाहत राहिलो. लेखी नकार मिळाला असता तर दुसरा मार्ग सहा महिने आधी शोधला असता, असे आज वाटते.

संस्थेच्या गंगाजळीत 1,10,000 रुपये होते. त्यावर पाच महिने निघाले. त्याच हिवाळ्यात एसटी कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप होता. गाड्या बंद असल्याने केंद्रात येणाऱ्या महिलांची संख्या घटली, आणि ‘प्रकरणे कमी झाली आहेत, मग निधी कशासाठी’ असा प्रश्न एका बैठकीत आम्हाला विचारला गेला. गाडी नाही म्हणून बाई आली नाही, याचा अर्थ घरातली मारहाण थांबली असा काढणारे ते गृहस्थ मनाने वाईट नव्हते. त्यांच्यासमोरच्या तक्त्यात फक्त आलेल्या महिलांचा रकाना होता.

मार्च 2022 मध्ये पैसे संपले.

विचारात घेतलेले पर्याय

मार्चच्या दुसऱ्या रविवारी कार्यकारिणी बसली. अनुदान येईपर्यंत केंद्र बंद ठेवून घरमालकाला किल्ली द्यावी, असे दोन सदस्यांचे म्हणणे होते. पगार न देता कुणालाही राबवू नये हा त्यांचा मुद्दा योग्यच होता. दुसरा पर्याय प्रत्येक बाईला जिल्ह्याच्या सखी केंद्राकडे पाठविण्याचा होता. त्यावर ताईंनी आपली नोंदवही उघडून आदल्या वर्षी आम्ही जिल्ह्याला पाठविलेल्या महिलांची नावे दाखविली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पोहोचल्याच नव्हत्या. एकीने कारण सांगितले होते, ते ताईंनी तिच्याच शब्दांत लिहून ठेवले होते : ‘तिकिटाले पैसे नाही, अन् लेकरू कोनापाशी ठेवू?’

एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतूनही विचारणा झाली होती, परंतु त्यांना शिवणवर्ग हवा होता आणि समुपदेशकाचे मानधन त्यांच्या नियमात बसत नव्हते.

उरला तो स्थानिक सार्वजनिक निधी. जिल्हा परिषदेने आणि ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. जिल्हा वार्षिक योजनेतूनही महिला व बालविकासासाठी 3 टक्के निधी राखून ठेवण्याची तरतूद राज्याने केली आहे. हे पैसे दरवर्षी असतात आणि दरवर्षी खर्चही होतात, पण ते बहुधा वस्तूंवर, म्हणजे शिलाई मशीन, मुलींसाठी सायकली, पिठाची गिरणी, अंगणवाडीच्या खुर्च्या यांवर. या वस्तूंची गरज नाही असे मी म्हणणार नाही, कारण मिळालेल्या गिरणीवर संसार उभा केलेल्या बाईला मी ओळखते. परंतु वस्तूचा फोटो निघतो, पावती मिळते, वाटपाचा कार्यक्रम घेता येतो. बंद दाराआड दोन तास ऐकून घेण्याचे काम मात्र दाखवायचे कसे, हे कोणत्याच नमुन्यात लिहिलेले नाही.

आम्ही केंद्र बंद न करता आठवड्यातून दोन दिवस चालवायचे, ताईंना अर्धे मानधन द्यायचे आणि स्थानिक निधीसाठी प्रयत्न करायचे असे ठरविले. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चूक झाली ती पुढच्या पाच मिनिटांत. दोन दिवस कोणते, हा प्रश्न आला तेव्हा ताईंना उरलेल्या दिवसांत एका शाळेत काम मिळणार होते आणि त्या वेळापत्रकात सोमवार व गुरुवार सोयीचे होते, म्हणून चर्चेविना तेच ठरले. आमच्या गावचा आठवडी बाजार बुधवारी भरतो.

निर्णय आणि त्याची किंमत

बाजाराचा दिवस म्हणजे बाईला घराबाहेर पडण्याचे कारण मिळणारा दिवस. बारा वर्षांत हे आमच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते, आणि तरीही त्या रविवारी ते कुणाच्या तोंडी आले नाही.

जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरच्या बुधवारी, एक बाई केंद्राच्या पायरीवर सकाळी दहापासून बसून होती. तिला येथे शोभा म्हणू. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातील वहिनींनी नंतर सांगितले की तिच्या पिशवीत सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन जुड्या आणि पावशेर हिरव्या मिरच्या होत्या, म्हणजे बाजार करून झाला होता, आणि ती दर थोड्या वेळाने उठून कुलूप हाताने ओढून पाहत होती. दारावर पाटी होती, पण वेळ बदलल्याची सूचना नव्हती. दोनच्या गाडीने ती परत गेली. जाताना सांबार उन्हाने मलूल झाला म्हणून तिने दुकानातून पाणी मागून त्यावर शिंपडले, कारण वाळलेला सांबार घरी नेला असता तर ‘इतका वेळ कुठं होती’ हा प्रश्न आला असता.

सव्वा महिन्याने ती आम्हाला भेटली ती ग्रामीण रुग्णालयात, डाव्या हाताला प्लास्टर घातलेली. तेथील परिचारिका आमच्या जुन्या ओळखीच्या असल्याने त्यांनी ताईंना फोन केला. शोभाचा हात त्या बुधवारी केंद्र उघडे असते तर मोडला नसता, असे खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण तो प्रश्न आम्ही टाळू नये असे मला वाटते.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. ऑगस्टपासून केंद्राचे दिवस बुधवार व शनिवार झाले आणि शाळेने ताईंचे वेळापत्रक एका विनंतीत बदलून दिले, जी विनंती आम्ही मार्चमध्ये केलीच नव्हती. दारावर दिवस, वेळ आणि 181 व 112 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगविले, आणि झेरॉक्सच्या दुकानातील वहिनींकडे निरोप ठेवता येईल अशी व्यवस्था झाली. तिसरी गोष्ट पैशाची होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार उत्पन्न कितीही असले तरी महिलेला मोफत कायदेविषयक सहाय्य मिळण्याचा हक्क आहे, म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे रीतसर अर्ज केले आणि वकिलांवरचा 4,000 रुपयांचा खर्च वाचला. आमच्या वकील बाई समितीच्या पॅनेलवर गेल्या, त्यामुळे माणूसही बदलले नाही. हे पहिल्या वर्षापासून करता आले असते.

शोभाचा कौटुंबिक घटना अहवाल ताईंनी तीन बैठकांत लिहिला, संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला आणि कलम 23 खाली अंतरिम आदेशाची मागणी करण्यात आली.

ग्रामपंचायतींचा निधी आणि लाभार्थ्यांची यादी

15 ऑगस्टच्या ग्रामसभांच्या आधी होणाऱ्या महिला सभांमध्ये विषय मांडायचा, असे ठरवून आम्ही नऊ गावांत गेलो. लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी व इतर मिळून वर्षाची वसुली तीन लाख असेल तर तिचे 10 टक्के म्हणजे तीस हजार, आणि त्यातही अंगणवाडीचा वाटा असतो. म्हणून मागणी लहान ठेवली : आपल्या गावच्या महिलांच्या प्रवासासाठी आणि कागदपत्रांसाठी वर्षाला 6,000 रुपये. चार गावांनी ठराव केला. त्यांपैकी एका गावात महिला सभेला अकरा जणी होत्या आणि विषय वाचल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागे बसलेल्या एका म्हातारीने ‘द्या ना, कोनाच्या घरी काय चाललं हे का कोनाले मालूम नाही’ असे म्हणून हात वर केला. तिच्यामागे बाकीच्यांचे हात गेले.

खरा पेच खर्चाच्या प्रमाणकांवर (व्हाउचरवर) आला. लेखापरीक्षणासाठी लाभार्थ्यांची यादी लागते : नाव, आधार क्रमांक, रक्कम, सही किंवा अंगठा. ग्रामसेवकांनी आपल्या नोंदवहीचे पान आम्हाला दाखविले. वर शीर्षक होते ‘महिला व बालकल्याण 10 टक्के’ आणि खाली आदल्या वर्षी प्रेशर कुकर घेतलेल्या महिलांच्या सह्या होत्या. त्याच पानाखाली नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला गेलेल्या बाईचे नाव यावे, असे त्यांना सुचवायचे नव्हते, पण नियम तोच होता. ती नोंदवही ग्रामपंचायतीच्या टेबलावर असते आणि तेथे गावातला कुणीही बसलेला असतो.

एका सरपंचांनी वेगळी अट घातली. पैसे देऊ, पण आमच्या गावची बाई आली की आधी आम्हाला कळवा, आम्ही घरच्या घरी मिटवून देऊ. हा निर्णय घेताना कार्यकारिणीत मतभेद झाले. माझे स्वतःचे मत त्या वेळी डळमळले होते, कारण सरपंच सज्जन होते, त्यांनी याआधी एका मुलीला रात्री स्वतःच्या गाडीने रुग्णालयात नेले होते, आणि आमच्याकडे महिनाअखेरचे भाडे नव्हते. ताईंनी मात्र स्पष्ट सांगितले की असे एकदा झाले की त्या गावातून पुन्हा एकही बाई येणार नाही. आम्ही त्या गावाचा निधी नाकारला. राहिलेल्या तीन ग्रामपंचायतींशी लेखी ठरले ते असे : प्रत्येक प्रकरणाला क्रमांक द्यायचा, प्रमाणकावर फक्त क्रमांक व रक्कम लिहायची, क्रमांक आणि नाव जुळविणारी वही केंद्रात कुलुपात ठेवायची आणि तेवढ्या महिला खरोखर आल्याचे प्रमाणपत्र संरक्षण अधिकाऱ्यांनी द्यायचे. गटविकास अधिकाऱ्यांनी या पद्धतीला मान्यता दिली. त्यासाठी चार चकरा माराव्या लागल्या आणि संरक्षण अधिकाऱ्यांनी स्वतःहून टिपणी लिहून दिली म्हणून ते जमले. एका अधिकारी बाईंच्या तळमळीवर अवलंबून असलेली ही व्यवस्था त्यांची बदली झाल्यावर टिकेल की नाही, याची आम्हाला तेव्हाही धास्ती होती.

जिल्हा परिषदेचा मार्ग

मार्च 2022 मध्येच राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले होते आणि आमचा जिल्हा त्यांत होता. याचा अर्थ महिला व बालकल्याण समिती नव्हती, तिच्या सभापती नव्हत्या, आणि गटातून निवडून आलेल्या ज्या सदस्य बाईंना घेऊन आम्ही पूर्वी जिल्ह्याला जात असू त्याही पदावर नव्हत्या. प्रस्ताव थेट प्रशासनाकडे द्यावा लागला. प्रशासनाने तो सहानुभूतीने वाचला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये 1,50,000 रुपये मंजूर झाले.

मंजुरीच्या आदेशात दोन अटी होत्या. रक्कम 31 मार्चपूर्वी खर्च करायची होती आणि मागील महिन्यांचे मानधन त्यातून देता येणार नव्हते. म्हणजे ताईंनी जवळजवळ वर्षभर अर्ध्या मानधनावर केलेले काम हिशेबातून बाहेर राहिले. सहा आठवड्यांत दोन महिन्यांचे पूर्ण मानधन, भाडे आणि एक पोलादी कपाट एवढाच नियमात बसणारा खर्च होऊ शकला. ते कपाट मात्र अतिशय उपयोगी पडले, कारण क्रमांकाची वही त्यातच राहते. खुर्च्या, पंखे, फलक यांवर उरलेले पैसे संपवा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. आम्ही 1,02,000 रुपये परत केले. पैसे परत करणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी कमी मिळते, हे ठाऊक असूनही मागितलेल्या कारणाखेरीज दुसरीकडे ते वापरायचे नाहीत असे आम्ही ठरविले होते. मात्र परताव्यासोबत एक पानाची टिपणी जोडली आणि तीत हा पैसा ऑगस्टमध्ये मिळाला असता तर कोणत्या महिन्यात कशावर खर्च झाला असता, याचा तक्ता दिला.

परिणाम

त्या तक्त्याचा उपयोग झाला असावा. 2023-24 ची मंजुरी ऑगस्टच्या अखेरीस आली आणि त्यात मानधनाचा स्वतंत्र उल्लेख होता. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले, त्यामुळे ग्रामपंचायतींचा प्रवासनिधी दुप्पट फेऱ्यांना पुरू लागला. केंद्र पुन्हा आठवड्याचे पाच दिवस उघडे आहे. मूळ योजनेच्या थकलेल्या रकमेपैकी एक हप्ता आला, बाकी प्रलंबित आहे.

ताई मे 2023 मध्ये सोडून गेल्या. त्यांची मुलगी बारावीला होती, अर्ध्या मानधनाच्या काळात काढलेले हातउसने फेडायचे होते, आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित पगाराची नोकरी मिळाली. त्यांच्या जाण्याला तीन महिने झाले तेव्हा मंजुरीचा आदेश आला. नवीन समुपदेशक शिकलेल्या आहेत, मन लावून काम करतात, पण नऊ वर्षांत कोणत्या गावात कोणत्या पोलीस पाटलाशी बोलावे आणि कोणत्या घरी फोन करू नये हे जे ताईंच्या डोक्यात साठले होते, ते कोणत्याही वहीत नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पैसे संपायच्या आत, म्हणजे गंगाजळीत तीन महिन्यांचा खर्च शिल्लक असताना, दुसऱ्या निधीचा प्रस्ताव गेला पाहिजे होता. आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत थांबलो, त्यामुळे पुढचे सगळे निर्णय घाईत झाले. गंगाजळी आम्ही पाचही दिवस पूर्ण खर्चाने चालविण्यात घालविली. नोव्हेंबरमध्येच विधी सेवा समितीकडे गेलो असतो आणि बुधवार धरून तीन दिवस ठेवले असते, तर ती जूनच्या पुढे पुरली असती.

दिवस कमी करताना महिलांना विचारले नाही, ही दुसरी चूक. निदान नोंदवहीतील मागील वर्षाच्या तारखा आणि वार पाहिले असते तरी पुरे होते. नंतर आम्ही ते केले, तेव्हा पहिल्यांदा येणाऱ्या महिलांपैकी सर्वाधिक बुधवारी आल्याचे दिसले, आणि कापूस वेचणी चालू असताना येणे कमी होऊन संक्रांतीनंतर वाढल्याचेही दिसले. अनुदानाचे हप्ते ठरविणाऱ्यांनी हे पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण फेब्रुवारी-मार्च या ज्या काळात महिला अधिक येतात, त्याच काळात सर्व कार्यालये हिशेब मिटविण्यात गुंतलेली असतात.

अहवालाचा नमुना बदलण्याची मागणीही आम्ही आधी करायला हवी होती. त्यात ‘समेट झालेली प्रकरणे’ हा रकाना ठळक आहे, आणि संख्या कमी दिसली की प्रश्न येतो. पाठपुराव्याच्या भेटी, भरलेले घटना अहवाल, रुग्णालयातून आलेले निरोप यांना रकानाच नाही. 2024-25 च्या प्रस्तावात आम्ही हे तीन रकाने स्वतःहून जोडले आहेत, आणि मानधनाची रक्कम जूनपूर्वी वर्ग व्हावी अशी विनंती केली आहे.

सरपंचांचा निधी नाकारण्याबाबत मला आज शंका नाही. पण नाकारल्यानंतर त्यांच्याकडे पुन्हा गेलो नाही, हे चुकले. क्रमांकाची पद्धत ठरल्यावर ती त्यांना समजावून सांगता आली असती. त्या गावातून गेल्या दोन वर्षांत तीनच महिला आल्या, आणि तिघीही माहेरच्या गावाहून.

शोभाच्या अर्जावर साठ दिवसांऐवजी सात महिन्यांनी अंतरिम आदेश झाला. ती माहेरी राहते, सोयाबीनच्या हंगामात मजुरीला जाते, आणि पोटगीचे पैसे कधी येतात, कधी थकतात. थकले की तिने केंद्रात यायचे ठरले आहे. परंतु ती अजूनही आधी ताईंना जिल्ह्याला फोन करते, आणि ताई नोकरीच्या मधल्या सुटीत आमच्या नवीन समुपदेशकांना फोन करून सांगतात की येत्या बुधवारी शोभा येईल, तिच्याशी आधी पोरांबद्दल बोला, पैशाचे नंतर विचारा.